पिवळ्या दिव्यावरची काळी टेप

आमच्या वन्संना दोन गोष्टी उत्तम जमतात. बिघडलेल्या गाडीचा नेमका रोग ओळखणं आणि डूख धरणं. एका दुकानदाराने त्यांच्या गळ्यात कधीतरी नकली स्पार्क प्लग मारले होते. त्याचं दुकान आमच्या गॅरेजच्या अगदी समोर आहे. तरी बाई साधा फ्यूज आणायलासुद्धा शहराच्या दुसऱ्या टोकाला जातात, आणि जाताना त्याच्या दारावरून मुद्दाम रमतगमत जातात, त्याला दिसावं म्हणून.

मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको. लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, थोरली नणंद म्हणजे स्वयंपाकघरात नाक खुपसणार. कसलं काय! स्वयंपाकघराकडे त्या ढुंकून बघत नाहीत. माझ्या खोलीत मात्र एकदा शिरल्या आणि केस वाळवायचा ड्रायर उचलून घेऊन गेल्या. इंजिनाचा एखादा भाग तापल्यावरच दगा देतो, त्याला गरम करून बघायला लागतो म्हणे. तो ड्रायर आता ग्रीसने इतका माखलाय की मी परत मागायचं सोडून दिलंय.

काम करताना बघावं त्यांना. गिऱ्हाईक आलं की स्कॅनर लगेच जोडत नाहीत. आधी उलटतपासणी. बंद पडते? कधी? थंड असताना की तापल्यावर? चढावर की सिग्नलला? परत चालू व्हायला किती वेळ घेते? माणूस मेटाकुटीला येतो. मग स्कॅनर लावतात, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचतात आणि वर सुनावतात, "कोड ही नुसती तक्रार आहे. पोटात दुखतंय म्हणणाऱ्याचं पोट काढून टाकतात का? नाही ना? मग आल्या आल्या पार्ट बदला म्हणून काय ओरडताय?" सुनावण्यात बाई कुणाला हार जायच्या नाहीत. घरीही तेच. भाजीत मीठ जास्त झालं तर दोन महिने ऐकावं लागतं.

तर आमच्या नवरोबांना गाडी घ्यायची हुक्की आली. जुन्या गाड्या विकणारा एक माणूस होता, हायवेलगतच्या मैदानात गाड्या ओळीने उभ्या करायचा. जिभेवर साखर पेरल्यासारखा बोलायचा, म्हणून त्याला सगळे गोडबोल्या म्हणत. वन्सं गाडी बघून आल्या आणि म्हणाल्या, "नको. बारीकसा झटका देतेय." नवरोबांनी ऐकलं नाही. मामंजी, म्हणजे माझे सासरे, मुलाच्या बाजूने. "तिला काय, नव्या गाडीतही खोट दिसेल!" म्हणून हसले आणि गाडी घरी आल्यावर पहिल्या दिवशी पुढच्या सीटवर ऐटीत जाऊन बसले. त्यानंतर जेवायला बसलं की वन्संचे टोमणे. काय, आली का धडधाकट तुमची राणी?

एके दिवशी नवरोबा गाडी चालवत होते, मामंजी शेजारी. मोठ्या रस्त्यावर वळताना गाडी अचानक मेली. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि मामंजी बसले होते त्याच बाजूने ट्रक आला. खुब्याचा चुरा झाला. रोज फिरायला जाणारा माणूस, पलंगाला खिळला. डॉक्टरांनी सांगितलं, आधाराशिवाय चालणं आता विसरा.

दवाखान्याच्या व्हरांड्यात वन्सं रडल्या नाहीत. मामंजींच्या चपला हातात धरून उभ्या होत्या. "ज्याने माझ्या बापाचे पाय घेतले," त्या म्हणाल्या, "त्याला मी जमिनीवर आणीन. बघच तू." मी म्हटलं, आणा. माझंही रक्त उसळत होतं.

ती चेपलेली गाडी त्यांनी गॅरेजमध्ये ओढून आणली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. थंड इंजिन झकास चालायचं. मग माझा तो ड्रायर क्रँक सेन्सरवर धरला. इंजिन कसं फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगणारा हा सेन्सर. तो तापला आणि इंजिन टप्पकन बंद. गार झाला, पुन्हा चालू. कोडही आतमध्ये नोंदलेला होता. "कोड आहे म्हणजे मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा लागायलाच हवा होता," वन्सं पुटपुटल्या. चावी फिरवली. अशा वेळी मीटरमधले सगळे दिवे क्षणभर लागतात. हा एकच लागला नाही. त्यांनी मीटर उघडला. दिव्यावर काळी टेप, नीट कापून चिकटवलेली.

"मेल्याने दिवा झाकून गाडी विकली," वन्सं म्हणाल्या आणि हसल्या. ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

पोलिसात जा म्हटलं तर म्हणे, तिथे तो गोड बोलून सुटेल. दुसऱ्या दिवसापासून त्या मैदानासमोरच्या फुटपाथवर स्टूल टाकून बसल्या. स्कॅनर मांडीवर. गाडी बघायला कुणी आलं की हाक मारायच्या, "अहो, फुकट तपासून देते, या!" ही गाडी पुरात बुडून आलेली, हिचे कोड काल पुसलेत, हिचं इंजिन तेल पितं. गोडबोल्या विनवण्या करायचा, हात जोडायचा. वन्सं त्याच्याकडे बघतसुद्धा नसत. हळूहळू मैदानाकडे कुणी फिरकेना. मी घरी जेवण झाकून ठेवायचे आणि मनातून खूश व्हायचे, खोटं कशाला बोलू? नवरोबा मात्र म्हणत राहिले, "जाऊ दे ना ताई, बाबा काय उठून चालणार आहेत का?" मला संताप यायचा. माणूस की माती!

शेवटी वन्संनी ठरवलं, आता त्याचा चारचौघांत पंचनामा करायचा. गाडी दुरुस्त करून मैदानावर नेली, भावाला सोबत ओढलं, मीही गेले. लोक जमले. वन्संनी टेप दाखवली. मग स्कॅनर लावला. त्यात एक आकडा मिळतो, दिवा लागल्यापासून गाडी किती चालली त्याचा. तो गाडी घेतल्यापासूनच्या अंतराहून मोठा निघाला की गोडबोल्या सापडला! तो आकडा त्यांनी आधी बघितलाच नव्हता. खात्रीच होती ना.

आकडा आला. घेतल्यापासूनच्या अंतराच्या निम्म्याहूनही कमी.

"म्हणजे दिवा तुमच्याकडे लागला," गोडबोल्या म्हणाला. आवाजात साखर नव्हती. "कोड पुसले असतील मी, कबूल. पण न लागलेल्या दिव्यावर टेप कशाला लावू? तुमच्या भावाला चावी फिरवून सगळे दिवे दाखवले होते. विचारा त्याला."

वन्संनी भावाकडे बघितलं. नवरोबा चपलेने माती उकरत होते. या माणसाच्या ताटात मी रोज वाढत होते, आणि मला पत्ता नाही!

आम्ही तडक घरी आलो. वन्संनी भावाला दंडाला धरून मामंजींच्या पलंगापुढे उभं केलं. "सांग बाबांना. दिवा कोणी झाकला ते सांग. आज तू या घरात राहशील नाहीतर मी."

"त्याला सोड," मामंजी म्हणाले.

"बाबा, टेप यानं लावली!"

"ठाऊक आहे मला. शेजारीच बसलो होतो ना. दिवा लागला तेव्हा हा म्हणाला, ताईकडे नेऊ. मी म्हटलं, नको. ती वर्षभर ऐकवत बसेल. तूर्त झाकून टाक, मग दुसरीकडे दाखवू निवांत."

वन्संचा हात भावाच्या दंडावरून सुटला.

"आणि इतके दिवस? मी त्या माणसाला पुरता बुडवला, बाबा. बोलला का नाहीत?"

मामंजींनी चादर सारखी केली. "तुला सांगायचं कुणी?"

वन्सं स्टुलावर बसल्या. आधी बापाकडे बघितलं, मग भावाकडे, मग माझ्याकडे.

"एवढी भीती वाटते तुम्हाला माझी?"

आमच्यापैकी कुणीच "नाही" म्हणालं नाही.