मेहुण्याचा कान

गॅरेजात गाड्यांचे पोचे काढणाऱ्या त्या माणसाला सगळे हातोडा म्हणत, आणि हे नाव त्यानं पत्र्यापेक्षा माणसांवरच जास्त सार्थ केलं होतं. जुन्या बाजारात एका रेकॉर्डवरून त्यानं एकाचे दात पाडले होते. आवडत्या क्लॅरिनेटवाल्याचा प्रत्येक अल्बम त्याला हवा होता, तोही चांगल्या छापाचा. एकाच अल्बमचे छाप अनेक, म्हणजे वेगवेगळ्या वेळी काढलेल्या प्रती. त्यातला एखादाच खणखणीत, बाकीचे गोधडीखाली वाजवल्यासारखे.

पण हातोड्याला त्यातलं ओ की ठो कळत नसे. कान होता मेहुण्याचा. रेडिओ दुरुस्त करणारा हा काटकुळा गडी दुकानात सुई टेकवायला लावी, डोळे मिटी आणि मान हलवी. मान हलली की हातोडा रेकॉर्ड काखोटीला मारी. ज्याच्यावर कधी हात उचलला नाही असा तेवढाच एक माणूस.

शेवटच्या अल्बमचा चांगला छाप सापडला, तेव्हा दोघं पोरांसारखे नाचले. घरी जुनी भिकार प्रत होतीच. संध्याकाळभर त्यांनी दोन्ही आळीपाळीनं वाजवल्या. नव्या प्रतीच्या आतल्या कडेला कोरलेला बारीक त्रिकोण मेहुण्यानं दाखवला. तो गेल्यावर हातोड्यानं रेकॉर्डी उचलून ठेवल्या.

सकाळी नवं कव्हर उघडलं तर त्रिकोण गायब. हातोड्याच्या डोक्यात राख गेली. घरात आलेला परका माणूस मेहुणाच, म्हणजे चोरही तोच; विचारायचं काय त्यात? तो तडक मेहुण्याच्या रेडिओ-दुरुस्तीच्या दुकानात शिरला. मेहुणा "दाजी" म्हणेपर्यंत कानाखाली बसली, मग दुसऱ्या कानाखाली. डोकं टेबलावर आपटलं, पुन्हा आपटलं. कानातून रक्त आलं, तरी हात थांबेना. शेवटी शेजाऱ्यांनी ओढून काढला.

घरी येऊन उरलेल्या रागात तो जुनी प्रत फोडायला निघाला. कव्हरातून काढली, तर कडेला त्रिकोण. ठेवताना रेकॉर्डींची अदलाबदल त्यानंच केली होती. हातोड्यानं ती हळूच परत कव्हरात सरकवली. त्याला स्वतःची किळस आली.

मेहुणा दवाखान्यातून आला तो डोक्याला पट्ट्या बांधून. बहिणीनं, म्हणजे हातोड्याच्या बायकोनं, त्याला खुर्चीत बसवलं. नवऱ्याकडे तिनं पाहिलंही नाही. हातोड्यानं चांगला छाप लावला आणि आवाज मोठा केला. क्लॅरिनेटनं खोली भरून गेली.

मेहुण्यानं सवयीनं डोळे मिटले. बराच वेळ तो मान पुढे करून बसला. मग डोळे न उघडताच त्यानं विचारलं, "दाजी, सुई टेकवलीत का?"