तीस सेकंद रिमोटशिवाय

गोंदियाच्या फलाटावर बाबांनी माझी बॅग सीटखाली सरकवली आणि खिडकीतून म्हणाले, "रडून कायले राहिली? धान आम्ही पाहू. तू तुझं पाहा." पुण्याची गाडी सुटली. सालेकसा तालुक्यातल्या आमच्या गावातून इंजिनिअरिंगला बाहेर पडलेली मी पहिलीच मुलगी.

पुण्यात मी आधी गप्प झाले. "येऊन राहिली" म्हटलं की वर्गात हशा पिकायचा. मग प्रत्येक वाक्य मनात दुरुस्त करून बोलायचं. कॉम्प्युटरसमोर मात्र तसलं काही नव्हतं. दुसऱ्या वर्षी कॉलेजच्या रोबोट टीममध्ये गेले ते त्यामुळेच.

स्पर्धेत पहिले तीस सेकंद रोबोटला हात लावायचा नाही, रिमोटही नाही. जमिनीवरची पांढरी रेघ ओळखत त्यानं आपलं आपण जायचं आणि चेंडू टोपलीत टाकायचा. तो प्रोग्राम माझ्याकडे होता. आमच्या लॅबमध्ये तो दहापैकी दहा वेळा बरोबर चालला. स्पर्धेच्या हॉलमध्ये सराव करताना मात्र रेघ सोडून थेट कठड्यावर आदळला.

आमचा कॅप्टन अनिकेत म्हणाला, "रिमोटशिवायचा ऑटोनॉमस भाग सोडून देऊ. रिमोटवर जेवढे गुण मिळतील तेवढे घेऊ."

"काऊन सोडून देऊ?" मी जवळजवळ ओरडलेच. "इथले दिवे पाहा ना! सेन्सरला काळी जमीनसुद्धा पांढरीच दिसून राहिली. वीस मिनिटं दे."

कोणी हसलं नाही.

उजेडाचा आकडा मी लॅबमध्ये मोजून प्रोग्राममध्ये पक्का लिहिला होता, चूक माझीच होती. तो काढला. आता रोबोट सुरुवातीला जागच्या जागी डावी-उजवीकडे वळणार, इथली रेघ आणि जमीन वाचणार आणि मगच निघणार. यात तीन सेकंद जाणार होते. जाऊ देत.

आमची पाळी आली. रोबोट असा मान हलवल्यासारखा वळला तेव्हा प्रेक्षकांत हशा झाला. मग तो सरळ निघाला, वळणावर वळला आणि चेंडू टोपलीत पडला. पुढच्या फेरीत आम्ही हरलो, पण टीममध्ये मला पुन्हा कधी बोलणं दुरुस्त करावं लागलं नाही.

बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मशीन आपली आपणच चालून राहिली, मंग तुले काय काम?" ते काम काय, हे सांगत मी अर्धा तास बोलले.

आता त्याच कामाची माझी पुण्यात नोकरी आहे. मागच्या दिवाळीत गावी असताना मैत्रिणीला फोनवर म्हणाले, "रविवारी घरी येते." आई पोहे निवडत होती. तिचा हात थांबला.

"पुण्याले घर म्हणून राहिली?"

मी म्हटलं, "हो आई. हेही घर, तेही घर."

ती पुन्हा पोहे निवडू लागली. निवडता निवडताच म्हणाली, "मंग त्या घरी आम्हाले कधी नेशील?"