दादाचे दोन आवाज

धाकटीचा राग तसाही नाकाच्या शेंड्यावरच असायचा. पण त्या दुपारी तो थेट मस्तकात गेला. रिकाम्या सभागृहात तालीम चालली होती. दादा स्टेजवर गात होता, धाकटी नेहमीसारखी मागे मिक्सरवर. भावंडांची ही जोडी तिच्या लग्नाआधीपासूनची. साथीला आधीच रेकॉर्ड केलेल्या वाद्यांचा ट्रॅक असायचा. तिचा नियम एकच, जो स्टेजवर उभा आहे, तो रेकॉर्डिंगमध्ये नको. व्हायोलिनवाली हजर असली की ट्रॅकमधलं व्हायोलिन धाकटी आधीच काढून टाकायची. ट्रॅक जरा मागे, गळा पुढे. मग सांधा कुठे ते ऐकणाऱ्याला कळत नाही.

आज ट्रॅकमध्ये खुद्द दादाच गात होता. तरुणपणीचा.

"हे कुणी घुसडलं?"

"मी," दादा म्हणाला. "जुनंच रेकॉर्डिंग, पट्टी उतरवून घेतलंय. वरचा सूर दगा देतो गं हल्ली. तेवढाच आधार."

"आधार? पिंपात बसून गातोयस असं वाटतंय! तू श्वास घेतोस तिथे तो गातो. सवती बऱ्या!"

"लोकांना काय कळतंय?"

"आणि कळलं तर? बहिणीनं टेप लावली म्हणतील. तोंड माझं काळं होईल!"

"वन्सं, आजच्या दिवस घ्या सांभाळून," खुर्चीवर बसून तालीम ऐकणाऱ्या वहिनी हळूच म्हणाल्या.

संध्याकाळी कार्यक्रमात धाकटीने दात-ओठ खात तो आवाज चालू ठेवला. पहिल्याच गाण्यात समोरून "वा!" अशी दाद आली आणि दादा सवयीने ओळीवर थांबला, हसून मान लववली. त्याचं तोंड मिटलेलं, आणि आवाज मात्र पुढची ओळ गात सुटला! पुढच्या रांगेत खसखस पिकली.

धाकटीने तो आवाज खाडकन बंद केला. उरलं नुसतं संगीत. दादाने डोळे वटारले, धडपडत ओळ पकडली. वर जाताना गळा चिरकला. पुढच्या खेपेला ती जागा त्याने खालूनच घेतली. धाकटीने धुसफुसतच संगीत मागे ओढलं, त्याला वाट करून दिली.

मध्यंतरात तो तणतणत आला. "चारचौघांत उघडं पाडलंस मला!"

"मी? तोंड मिटून कोण गात होतं?" तिने हेडफोन काढून त्याच्यापुढे आदळला. "घे, बसव दुसरं कुणी. नाहीतर त्या पिंपातल्यालाच बसव!"

दादाने हेडफोन उचलून परत तिच्याकडे सरकवला. घंटा झाली.

"पुढच्या गाण्याची पट्टी उतरव," तो गुरगुरला.

"केव्हाची उतरवलीय! तालमीत ऐकून घेतलंस तर ना!"