कृष्णात मेजरचं भाषण

आमच्याकडं फौजेतनं पेन्शनीत आलेला कुणीबी असू द्या, गाव त्याला मेजरच म्हणतं. शिपाई असला तरी मेजर, क्लार्क असला तरी मेजर. कोरेगाव तालुक्यातलं आमचं गाव याबाबतीत लय दिलदार. कृष्णात माझा लंगोटीयार. एकवीस वर्षं फौजेत काढून आला आन् मेजर झाला. त्याची आई रंगूबाई तर बाजारात मेथीची जुडी निवडता निवडता सांगायची, "माझ्या पोरानं बर्फात उभं राहून बंदूक चालवली!" समोरची बाई भाव करायची विसरून जायची.

आन् ह्या आमच्या मेजरची यंदा पार शेळी झाली, बघा! कारण काय, तर यात्रंला माजी सैनिकांचा सत्कार ठरला, आन् सरपंच म्हणले, मेजरनी लढाईचे अनुभव सांगायचे. झालं! गड्याची झोप उडाली. हात असे थरथराया लागले की चहाची बशी धरवंना. मला म्हणतो, "जोतिबा, यात्रंच्या दिवशी मी सांगलीला बहिणीकडं जातो."

गावाची यात्रा सोडून बहिणीकडं? माझं डोस्कंच फिरलं. आधीच मी एसटीचा कंडक्टर व्हतो, माझा आवाज चढला की उतरत न्हाई. शिव्या घातल्या, गाडीवर बसवला आन् डॉक्टरकडं नेला. डॉक्टरनं रक्त तपासलं, छातीची ईसीजी पट्टी काढली, आन् म्हणले, "यांना काही झालेलं नाही. कराडला एक समुपदेशक आहेत, त्यांच्याशी बोलून या."

कराडात औषधाच्या दुकानावर एक खोली. ब्राह्मीताई पाटील, सांगलीकडची जैनाची पोरगी, तिशीच्या आतबाहेर. म्हणली, "काका, एकेकानं आत यायचं असतं." कृष्णात दारातच अडला. "ह्यो असंल तरच बोलतो." ती हसली, दुसरी खुर्ची ओढली, आन् मी बसलो.

मला वाटलं, आता बाई कायतरी जालीम उपाय सांगंल. कसलं काय! कृष्णात म्हणला, "लोक काय म्हणतील?" तर ती म्हणली, "लोक काय म्हणतील याची धास्ती वाटतीय." मी म्हणलं, आवं ताई, तेच तर त्यो म्हणला! त्याला सल्ला द्या की! तवा ती शांतपणानं म्हणली, "जोतिबाकाका, यांच्या आयुष्यातलं मी सांगणारी कोण? त्यांचं त्यांना गवसू द्या." सल्ला द्यायचा न्हाई आन् वर फी घ्यायची! मी मनातल्या मनात तिकीट फाडलं आन् गप बसलो.

पण दुसऱ्या खेपेला गंमत झाली. ती सहज म्हणली, "मेजर म्हणून हाक मारली की तुम्हाला काय होतं?" गडी सदऱ्याची गुंडी चाळवाया लागला. मग म्हणला, "दुसऱ्याचा सदरा घातल्यागत व्हतंय. बरं, काढला तर गावापुढं उघडा पडतो." आन् एकदम सुटलाच. "ताई, मी बंदूक शिकण्यापुरतीच चालवली. मी लंगरात व्हतो. आचारी! चारशे जवानांचा सैपाक करत व्हतो."

मी खुर्चीतनं पडायचाच राहिलो. एवढा जवळचा मित्र, आन् मला पत्ता न्हाई! पण राग यायच्या आत मी त्याचं तोंड बघितलं. बर्फाचं पाणी उकळाया किती वेळ लागतो, उंचावर डाळ कशी शिजत न्हाई, गस्तीवरनं आलेल्या पोरांना गरम रोटी देताना कसं वाटायचं, असं सांगत सुटला. हातानं पळी फिरवून दाखवत व्हता. ब्राह्मीताई हळूच म्हणली, "काका, आत्ता हात थरथरत नाहीयेत."

आयला! खरंच की! मला तर उठून नाचावं वाटलं.

"मग इतकी वर्षं बोलला का न्हाईस रं?" मी विचारलं. म्हणला, "मी कवा खोटं बोललो न्हाई. सुट्टीवर आलो की आईच समद्यांना सांगायची, आन् तिचा चेहरा बघून माझं तोंडच उघडायचं न्हाई. आमच्या घरात बाप्या माणूस कवा चुलीकडं फिरकला न्हाई. त्या घरचा मी आचारी! आईच्या नजरंतनं उतरलो तर माझं उरलंच काय?"

ताई म्हणली, "म्हणजे आईंच्या नजरेत तुम्ही जे आहात, तेच तुम्ही, असं वाटतंय." कृष्णातचं डोळं भरलं. म्हणला, "व्हय. तिला सांगायचंय, पण घरात धीर व्हत न्हाई. हितं आणू का?"

ताई जरा घुटमळली. म्हणली, "मला शिकवलंय की ह्या खुर्चीत माणूस एकटा येतो. पण काका, तुम्ही एकटे आलाच नव्हता, अख्खं गाव घेऊन आलाय. आणा आईंना."

आईला आणा म्हणली, तर ह्यानं शिटा भरून पळणारी वडापची जीपच भरली! रंगूबाई, बायको दीपमाला, शिवाय एक चुलती. वहिनीला सगळं ठावं व्हतं, पण सासूपुढं तोंड उघडायची तिची काय टाप? खोलीत खुर्च्या पुरंनात, म्हणून ताईनं सतरंजी अंथरली आन् सोताबी खाली बसली. 

कृष्णात आईपुढं मांडी घालून बसला. घामानं सदरा पाठीला चिकटलेला. "आई, मी लढाई केली न्हाई. लंगरात व्हतो. चारशे जवानांना रांधून घालत व्हतो." 

म्हातारी त्याच्याकडं नुसती बघतीय. ताई आता तरी बोलंल म्हणून बघतोय, तर तीबी गप! 

आन् म्हातारीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "मुडद्या! मग सुट्टीवर आलास की मला चुलीपुढं बसवून आयत्या भाकरी गिळत व्हतास व्हय रं?"

आमी समदी हसाया लागलो, पण कृष्णात रडत व्हता. "आई, तुला लाज न्हाई वाटली माझी?"

"लाज?" म्हातारीचा आवाज चढला. "पोरगा लांब गेला की आईला रोज एकच घोर, आज त्यो जेवला असंल का. चारशे आयांचा घोर तू मिटवलास की रं! मला आधी सांगितलं असतंस तर बाजारात ह्येच सांगितलं असतं मी!" मग तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, बारक्या पोराचं पुसावं तसं. ब्राह्मीताईनं डोळं पुसलं. मीबी पुसलं, का लपवू?

यात्रंचा सैपाक कृष्णातनं मागून घेतला. पहाटंपासनं चुलवाणापुढं उभा, फौजी आवाजात हुकूम सोडतोय, हात एकदम खंबीर. आमटीचा वास पार वेशीपतुर! सत्काराला नाव पुकारलं तवा त्यो तसाच हळदीच्या हातानं स्टेजवर चढला. सरपंचांनी हातात सत्काराचा नारळ दिला आन् माइक पुढं केला.

"लढाईचं मला काय ठावं न्हाई," त्यो माइकवर म्हणला. "मी पलटणीचा आचारी. एकवीस वर्षं जवान जेवू घातलं, आज तुमाला घालतो. बसा पंगतीला, भात निवतोय."

मांडवात कुणी टाळी वाजवंना. मागं कुजबूज सुरू झाली, एकजण तर फिस्सकन हसला. सरपंच कृष्णातच्या हातातल्या नारळाकडं बघत बसले. आन् पुढच्या रांगंतनं रंगूबाई उठली. कुणाकडं बघितलं न्हाई. पत्रावळ उचलली आन् सगळ्यांच्या आधी जाऊन एकटी पंगतीत बसली. कृष्णात स्टेजवरनं उतरून पळतच गेला आन् त्यानं आईला पैला भात वाढला. 

मग गाव उठलं आन् तिच्या शेजारी बसलं.