लहानपणापासूनचे दोन बहिरे

माझ्या बाबांना हळू बोलता येत नाही. एकदा जेवताना त्यांनी आईकडे मीठ मागितलं, तर शेजारच्या काकू वाटीत मीठ घेऊन दारात उभ्या. सतरा वर्षं ते तोफखान्यात होते, थेट तोफेच्या बाजूला. कानात कापूस कोंबायचे आणि सगळा भरवसा त्या कापसावरच. मी चौथीत असताना ते निवृत्त होऊन धामणगाव बढेला परत आले. तेव्हा मला वाटायचं, सगळ्या फौजींचा आवाज असाच असतो.

गेल्या काही वर्षांत उजवा कानही गेला. डावा आधीच गेलेला. मग मी ऑफिसातून सुटी टाकली (मी पंचायत समितीत लिपिक आहे) आणि त्यांना माजी सैनिकांच्या दवाखान्यात घेऊन गेले. ऐकण्याचं मशीन मिळतं का बघायचं होतं. डॉक्टरांनी निवृत्तीच्या वेळच्या तपासणीचा कागद मागितला. बाबांनी प्लास्टिकच्या पिशवीतून फाईल काढली. वीस वर्षांत त्या कागदाची घडी कुणी मोडली नव्हती. डॉक्टरांनी तो वाचला आणि माझ्याकडे सरकवला. "यात तर वेगळंच लिहिलंय."

इंग्रजीत एकच ओळ होती. कानाचा त्रास लहानपणापासूनचा, नोकरीशी संबंध नाही. म्हणजे मशीनचं काम तिथेच अडलं.

"काय लिवलं वं?" बाबांनी विचारलं.

मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. जरा मोठ्याने सांगितलं, तरी नाही. शेवटी ओरडून सांगितलं, तेव्हा त्यांच्यासकट रांगेतल्या सगळ्यांना कळलं की हे गृहस्थ लहानपणापासून बहिरे आहेत.

बाबांनी परतीच्या एसटीत फाईल मांडीवरच ठेवली होती. मोताळा आलं तेव्हा म्हणाले, "मी लहानपणचाच भैरा होतो, त मले तोफेवर काऊन उभं केलं त्याईनं?"

"तुम्ही सही केलीय त्याच्यावर."

"घरी यायची घाई होती माय. जिथं बोट ठेवलं तिथं सही केली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यांच्या तोफेवरच्या जुन्या सोबत्याला फोन लावला. हे काका लोणार तालुक्यात, बीबीला राहतात. त्यांचे कान बाबांच्याही वरताण.

"तुह्या कागदावर काय लिवलं हाये?" बाबा ओरडले.

"हाव, जेवलो ना!" तिकडून उत्तर आलं.

अर्ध्या तासाने मी फोन हातात घेतला आणि काकांच्या सुनेशी बोलले. तिने कागदाचा फोटो पाठवला. तीच ओळ. लहानपणापासून. इंग्रजी शब्दातली स्पेलिंगची चूकही तीच. म्हणजे कुणीतरी कान न बघता एकच वाक्य दोघांच्या कागदांवर उतरवलं होतं. बाबांनी आपला कागद आणि तो फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले.

ती ओळ दुरुस्त करावी म्हणून मी सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिलं. उत्तर आलं: "नियमानुसार कार्यवाही करण्यात आलेली आहे. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे." हे वाक्य वाचून माझे कान तापले, कारण ते मला पाठ होतं. मी स्वतः ते कितीतरी लोकांना टाईप करून पाठवलं होतं. कुणाचं घरकुल, कुणाचा दाखला. पाठवल्यावर त्या माणसाने घरी जाऊन ते कुणाकडून वाचून घेतलं असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. बाबांना हे सांगायची हिंमत झाली नाही.

पण ऑफिसच्या भाषेला ऑफिसचीच भाषा लागते, आणि ती मला येत होती. माहितीच्या अधिकारात मी दोघांच्याही भरतीच्या वेळच्या तपासणीचे कागद मागितले. आधी सापडले नाहीत. अपील केलं, तेव्हा सापडले. बाबांच्या कागदावर लिहिलं होतं की कुजबुज दोन्ही कानांनी सहा मीटरवरून ऐकू येते. काकांच्या कागदावरही तेच.

"अवं, आठवलं मले!" बाबा म्हणाले. "डाक्टर मांगं उभा राहून हळूच आकडे सांगत होता. मी बरोब्बर सांगतले. एक पोरगा चुकला, त त्याले तिथूनच घरी धाडलं."

आम्ही वकील लावला आणि दोघांचं प्रकरण सैनिकांच्या लवादापुढे गेलं. सुनावणी नागपूरला होती. काका आदल्या दिवशीच आमच्याकडे मुक्कामाला आले आणि सकाळी आम्ही मलकापूरहून गाडी पकडली. दोघांनी कोट घातले होते, छातीवर पदकं होती. डब्यात ते एकमेकांच्या कानात बोलत होते असं त्यांना वाटत होतं. अकोल्यापर्यंत सगळ्या डब्याला त्यांच्या सुभेदाराचे सगळे दुर्गुण कळले होते. एका बाईंनी मला विचारलं, "मग त्या सुभेदाराचं पुढं काय झालं?"

सुनावणी जेमतेम दहा मिनिटं चालली. सरकारी वकील म्हणाले, तपासणी मंडळाच्या मतात ढवळाढवळ करता येणार नाही. आमच्या वकिलांनी चारही कागद पुढे ठेवले आणि स्पेलिंगच्या चुकीवर बोट ठेवलं. लवादाच्या साहेबांनी चष्मा वर केला, कागद पाहिले, मग थेट बाबांकडे बघितलं.

"आपको कब से सुनाई नहीं देता?"

मी प्रश्न बाबांच्या हातावर बोटाने लिहून दाखवला. ते ताडकन सावधान झाले. "तोप से, साब!"

काकांना वाटलं त्यांनाच विचारलं. तेही उभे राहिले. "जय हिंद, साब!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी दोघांना बसायची खूण केली आणि त्यांना ओठ दिसतील असं, सावकाश पुढचं बोलले. तेवढ्याने माझे डोळे भरून आले.

निकाल दोघांच्या बाजूने लागला. ती ओळ रद्द झाली, कान नोकरीत गेले असं लिहिलं गेलं, मशीनही मिळालं. आईने खीर केली. मला वाटलं, संपलं.

बाबांचं संपलं नव्हतं. "लिवलं कोणं?" ते म्हणाले. "त्याले कोणी विचारलं का?" निकालात त्याबद्दल अक्षर नव्हतं. मग आम्ही पुन्हा पत्र लिहिलं. उत्तर आलं, संबंधित अधिकारी निवृत्त झाले आहेत.

"मीबी रिटायर हावो," बाबा म्हणाले. "मले विचारलं का नाई?"

आता दर गुरुवारी ते मोताळ्याला जातात. तिथे आसपासचे माजी सैनिक जमतात आणि बाबा त्यांच्या फायली उघडून निवृत्तीचे कागद बघतात. इंग्रजी त्यांना अजूनही धड येत नाही, पण ती एक ओळ आता ते लांबूनही ओळखतात. त्यांना तसे आणखी तिघे सापडले. पाचही जणांची तक्रार एकत्र गेली. परवा पत्र आलं की चौकशी लागली आहे, जबाब द्यायला यावं. पत्राखाली, पहिल्यांदाच, एका माणसाची सही आणि हुद्दा आहे.

माझ्या टेबलावर मी एक गोष्ट बदललीय. अर्ज नाकारायचा असेल तर कारण साध्या मराठीत लिहिते आणि खाली माझं नाव टाकते. आमचे साहेब म्हणतात, यामुळे लोक भांडायला येतात. येतात खरे. काल एक आजी आल्या होत्या, तासभर भांडल्या. त्यांचं बरोबर होतं. मी फाईल परत उघडली.