लहान कॅसेटची मशीन

आमच्या घरी व्हिडिओची मशीन आली तेव्हा साऱ्या नांदुऱ्यात मोठ्या कॅसेटचं राज्य होतं. मोठी म्हणजे व्हीएचएस, लहान म्हणजे बीटा; आम्ही एवढंच ओळखायचो. बाजारातल्या व्हिडिओ लायब्ररीत फळ्या भरभरून मोठ्या कॅसेट असायच्या. लहान मागितली, तर भर उन्हाळ्यात हुरडा मागितल्यासारखा दुकानदार आपल्याकडे पाहायचा. आणि माझ्या बाबांनी, मिरची चांगली झाली त्या वर्षी, नीट विचार करून लहान कॅसेटची मशीन आणली.

मी तेव्हा शाळेत होते आणि रागीट होते. रागीट अजूनही आहे.

"दुकानदारानं गंडवलं तुम्हाले," मी तोंडावर म्हणाले.

बाबा वायर सोडवत होते. "त्यानं तं मोठीच घ्या म्हटलं. मीच लहान मांगतली."

"काऊन पण?"

"तुह्या ताईच्या घरी लहानच हाय. कॅसेटी बदलता येतीन."

ताई जळगाव जामोदला दिली होती. बसनं पूर्णेचा पूल ओलांडला, की पुढे सातपुडा दिसायला लागतो, तिकडे. लग्नानंतर वर्षाच्या आत तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं, आणि तेव्हापासून ती फारशी बोलेनाशी झाली. तिला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बाबांना चैन पडत नव्हतं. पण आमच्यात बापानं लेकीच्या सासरी कारणाशिवाय जायचं नसतं. सारखा गेला तर लोक म्हणतात, पोरीला नांदू देत नाही. शिवाय नातवंड होईपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. मग तिथं जाऊन सांगायचं काय आणि बसायचं किती वेळ? कॅसेट परत करायला आलो, एवढं मात्र कुठल्याही घरात सांगता येतं.

आईनं हे मला समजावलं तेव्हा माझा राग निम्मा उतरला. निम्मा राहिला, कारण मैत्रिणी नवे सिनेमे पाहत होत्या आणि आमच्या वाट्याला ताईच्या घरून येणारे देवादिकांचे तेच ते सिनेमे. ताईच्या सासऱ्यांना, म्हणजे बाबांच्या व्याह्यांना, तेवढेच आवडायचे. त्यातला एक राक्षस आमच्या घरात इतक्या वेळा मेला, की आमचा कुत्राही त्याच्यावर भुंकायचा थांबला.

बाबांचं जाणं ठरलेलं असायचं. पिशवीत मळ्यातली वांगी आणि वांग्यांवर जपून ठेवलेली कॅसेट. तिकडे ते बैठकीत टेकायचे. त्या घरात बैठकीत सुना येत नसत, पण मशीन ताईच्या खोलीत होती, म्हणून कॅसेट घ्यायला तिलाच बाहेर यावं लागे. आणि द्यायची कॅसेट ताई कधीच रिवाइंड करून ठेवत नसे. ती आत रिवाइंडला लावायची, आणि टेप गुंडाळली जाईपर्यंत बाप-लेक समोरासमोर. सासरे म्हणायचे, "होऊ द्या आरामात, इवाई." आमच्याकडे व्याह्याला इवाईच म्हणतात. घरी परतल्यावर आई विचारायची, कशी हाय, आणि बाबा सांगायचे, आज दोन शब्द बोलली. एकदा म्हणाले, आज हसली. त्या दिवशी आईनं गोड केलं होतं.

एका सुट्टीत मीही सोबत गेले. ताई मला खोलीत घेऊन गेली, तर टीव्हीखाली नवी कोरी मशीन, मोठ्या कॅसेटची. जुनी कपाटावर होती, वायर गुंडाळून, आणि तिच्यावर पापडाचा डबा.

"ते बंद पडली का?"

"कवाचीच. अकोल्याले नेली होती, पण दुरुस्त नाही झाली."

"तुह्या मामाजीले, सासऱ्याले, मालूम हाय?"

"हे नवी त्यायनंच तं आणली."

मी पुढं काही विचारणार, तोच बैठकीतून सासऱ्यांचा आवाज आला. "सूनबाई, कॅसेट रिवाइंडले लाव. अन् तोवर येथी बस बापापाशी. टेपले टाइम लागते."

ताईनं जुन्या मशीनवरची लहान कॅसेट माझ्या हातात दिली, पदर सारखा केला आणि बाहेर जाऊन बसली. सासरे उठले, गाय पाहून येतो म्हणाले आणि अंगणात गेले. गाय त्यांनी बराच वेळ पाहिली. मी दारात कॅसेट धरून उभी होते. ताई बोलत होती. मळ्यातली मोटर, आईचे गुडघे, माझे मार्क, सगळं एकेक करून विचारत होती. ताई त्या घरामुळंच गप्प झाली असं मी मनात धरून होते, ते तिथंच, दारात, गळून गेलं.

सासरे परत आले. "झाली का रिवाइंड?"

"हाव, झाली," मी म्हणाले आणि कॅसेट पुढं केली. त्यांनी ती बाबांच्या हातात दिली. "चांगला हाय सिनेमा. परत कराले या मातर."

परतीच्या बसमध्ये मला राहवेना. "बाबा, त्यायची मशीन बंद हाय."

"मालूम हाय मले."

"मंग?"

"मंग काय. लोकाची कॅसेट ठेवून घेता येते का?" बाबा म्हणाले.

पुढं मोठ्या कॅसेटचंही राज्य गेलं. बाबा नाहीत, ताईचे सासरेही नाहीत. आम्ही चुकीची मशीन घेतली असं लोक म्हणायचे, आणि मीही म्हणाले होते. आता वाटतं, साऱ्या तालुक्यात एवढी कामी आलेली मशीन दुसरी नसेल. बाबांचे उपकार तर आहेतच. पण ज्या माणसानं बापाचा मान राखत त्याला लेक पाहू दिली, आणि त्याचा कधी उच्चारही केला नाही, त्याची मी जास्त ऋणी आहे.

ताईला मुलगी झाली तेव्हा बाबांसाठी पाण्याचा तांब्या इवायांनी स्वतः भरून आणला. बाबा पोटभर पाणी प्याले, तोंड पुसलं आणि म्हणाले, "आता कॅसेटीचं काही काम नाही राह्यलं."

"असं कसं," इवाई म्हणाले. "माही एक तुमच्यापाशीच हाय अजून."