आप्पासोच्या नावावरचा नंबर

गेल्या महिन्यात एका सकाळी आप्पासोचा फोन बंद पडला. तो माझ्या टेबलाशी आला.

"जयराज, बघ रं. रेंज न्हाई व्हय?"

रेंजचा प्रश्न नव्हता. नंबरच बंद केलेला होता. तो त्याच्या थोरल्या भावाच्या, धनाजीच्या नावावर होता, आणि धनाजीनं तो न सांगता बंद करून टाकला होता.

कारण आम्हाला ठाऊक होतं. मलकापूरची अक्षता. तिलाही दिसत नाही. बोलणारा फोन वापरणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, त्यावर आवाजात निरोप जातात. तिथं ओळख झाली. मग लग्नाचं बोलणं निघालं. धनाजी म्हणाला होता, "एकाला धरून चालवतोय ते बास हाय. दोघांना कोन धरनार?"

मी माझा फोन पुढं केला. "ह्याच्यावरून बोल तिच्याशी."

"तुझ्या फोनवरनं लगीन ठरवू व्हय?" तो म्हणाला. "नंबर माझा पायजे. माझ्या नावावर."

आप्पासो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. तरी आमची अरेतुरेची मैत्री. तो जत तालुक्यातला. घरात आजोबांपासून मेंढरं. एकोणिसाव्या वर्षी तो विहिरीच्या कामावर गेला. सुरुंग उडाला नाही म्हणून बघायला वाकला. तो एवढंच सांगतो. धनाजीनं पाठीवर घालून त्याला गाडीपर्यंत नेलं, हे मात्र दर वेळी सांगतो.

आता तो कुपवाडला एका नटबोल्टच्या कारखान्यात फोनवर ऑर्डरी घेतो. समोरचा कॉम्प्युटर त्याला वाचून दाखवतो. मी तिथंच बिलं करतो. मराठी घेऊन बी. ए. झाल्यावर हेच काम मिळालं. जेवणाच्या सुट्टीत मी कथा वाचतो, तो ऐकतो. त्याचा फोन इतका भराभर बोलतो की आम्हाला एक शब्द कळत नाही. लेथवरचा नानासो म्हणतो, "आप्पा, तुजी बायको लय बोलती गड्या. माजी निदान दम तरी घेती."

"तुज्या बायकूला बटन न्हाई," आप्पासो म्हणतो. "माझ्या हाय."

काळा चष्मा तो जेवतानाही काढत नाही. त्याचे डोळे मी कधी पाहिले नव्हते.

पाळी सुटल्यावर आम्ही नवा नंबर काढायला महेंद्रच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. गर्दी होती. एक बाई मुलाला कडेवर घेऊन उभी होती. रिचार्जला आलेला नानासोही होता. महेंद्रनं आधी अंगठा लावायला सांगितला. मशीननं घेतला नाही. अंगठ्याच्या रेघाही त्या सुरुंगातच गेल्या होत्या.

"मग चेहरा घ्यावा लागंल," महेंद्र म्हणाला. "चष्मा काढा, आप्पा."

आप्पासो थांबला. मग काढला.

पापण्या भाजलेल्या होत्या, अर्ध्यावर आखडलेल्या. आत नकली डोळे. दोन्ही समोर बघत होते.

महेंद्रनं स्वतःचा मोबाइल आप्पासोच्या तोंडासमोर धरला.

"काय म्हंतंय?" आप्पासोनं विचारलं.

महेंद्र घुटमळला. "डोळ्यांची उघडझाप करा म्हंतंय."

आप्पासोनं कपाळ आकसलं. गाल वर गेले. पापण्या हलल्या नाहीत. पुन्हा प्रयत्न करा, असं आलं. परत केलं. परत तेच.

"जरा जोरात, आप्पा," महेंद्र म्हणाला आणि लगेच खाली बघायला लागला.

त्यानं कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी म्हणाली, जिवंत माणूस आहे हे मशीनला कळायला हवं. फोन स्पीकरवर होता. सगळ्यांनी ऐकलं.

"जयराजच्या नावावर काढू का?" महेंद्र म्हणाला. "आपलाच मानूस हाय."

"पैला बी आपल्याच मानसाच्या नावावर हुता," आप्पासो म्हणाला. "धर मोबाइल."

त्यानं बोट उचललं आणि उजवी पापणी खाली ओढली. ती येईना. त्यानं जोर केला. डोळा निसटला आणि त्याच्या तळहातावर पडला. नकली डोळा गोल गोटीसारखा नसतो, हे मला तेव्हा कळलं. पातळ वाटी असते, शिंपल्यासारखी. रिकाम्या खोबणीवर पापणी पडली.

मोबाइलवर हिरवी खूण आली.

बाईनं मुलाचं तोंड खांद्यावर दाबलं. मी मान खाली घातली. त्याला दिसणार नव्हतं, तरी घातली.

"एवढं गप का झालं?" आप्पासोनं विचारलं.

"झालं, आप्पा," महेंद्र म्हणाला. "घेतलं मशीननं."

"कसं काय?"

"डोळा मिटला असं वाटलं त्याला."

आप्पासोनं पाणी मागितलं. भिंतीकडं तोंड करून डोळा धुतला, बसवला, चष्मा घातला. मग वळून विचारलं, "फोटो त्योच ऱ्हानार?"

"व्हय. नंबर हाय तवर."

आम्ही बाहेर पायरीवर बसलो. नंबर चालू व्हायला तासभर लागणार होता. रस्त्यावरून मोटारसायकली जात होत्या.

"नानासो हाय आत?"

"गेला."

"बगितलं त्यानं?"

मी चहा सांगू का, असं विचारलं. तो समजला. त्यानं शर्टाच्या टोकानं तळहात पुसला. मग परत पुसला.

"धनाजीनं बी ह्यो डोळा भाईर काढल्याला कवा बगितला न्हाई," तो म्हणाला. "घरात दार लावून धुतो मी."

फोन वाजला आणि त्यातल्या भराभर बोलणाऱ्या बाईनं नंबर चालू झाल्याचं सांगितलं. आप्पासोनं अक्षताचा नंबर तोंडपाठ लावला. तिकडून आवाज आला, "कोण?"

"मी. आप्पासो."

"अहो, होता कुठं? सकाळपासून लावतेय." मग ती थांबली. "हा कुणाचा नंबर?"

"माझाच," तो म्हणाला. आणि दुसऱ्या हातानं चष्मा नीट आहे का, ते चाचपून बघितलं.